एकशे बारा पानांचं दार

"घरी या ना एकदा चहाला," असं कलमकाका बोलून गेले, आणि तिथेच सगळं बिघडलं.

खरं तर हे वाक्य नुसतं म्हणायचं असतं. माणसं एकमेकांना घरी बोलावत राहतात आणि कुणीच कुणाकडे जात नाही, म्हणून तर संबंध टिकतात. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसणाऱ्या पलीकडच्या साहेबांनी ताबडतोब डायरी काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि विचारलं, "रविवारी चार वाजता चालेल?" (सरहद्दीपलीकडे आमंत्रण दिलं की लोक खरंच येतात, ही गोष्ट काकांच्या सात वर्षांच्या अभ्यासातून नेमकी निसटली होती.)

कलमकाकांचं खरं नाव घराच्या पाटीवर होतं. पण इमारतीत त्यांना त्या नावाने कुणी हाक मारत नसे. इमारती आणि त्यांना लागणाऱ्या आगी हा त्यांचा विषय. दोन पदव्या, वर डॉक्टरेट, वय एकाहत्तर. जिन्यात कुणी छत्री वाळत घातली तरी काका थांबून सांगणार, "कलम अकरा, पोटकलम चार. सुटकेच्या मार्गात अडथळा." वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्याच्या वळणावर ठेवलेली एक निरुपद्रवी कुंडी त्यांनी याच कलमाखाली हलवायला लावली होती. काकूंनी कुंडी हलवली आणि काकांना हे नाव ठेवलं. दोन्ही गोष्टी कायम झाल्या.

गेली सात वर्षं दोन्ही देशांतल्या जाणकारांची एक समिती सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना चालेल असा एकच नियमग्रंथ तयार करत होती. जिन्याची रुंदी ठरली, पायरीची उंची ठरली. आग विझवायच्या बंबाचा लाल रंग नेमका किती लाल, यावर चौदा महिने गेले, पण तेही ठरलं. राहिला होता एकच प्रश्न : घराचं मुख्य दार आत उघडावं की बाहेर? काकांच्या देशात ते आत उघडतं, साहेबांच्या देशात बाहेर. सोमवारी काकांच्याच शहरात, पहिल्यांदाच समोरासमोर, शेवटची बैठक होती. त्यानंतर समिती विसर्जित, ग्रंथ छापायला, आणि काका कायमचे घरी.

दार आत उघडावं यासाठी काकांनी वीस वर्षांपूर्वी एक प्रबंध लिहिला होता. एकशे बारा पानी. तीनशे प्रती छापल्या, त्यातल्या दोनशे नव्वद पलंगाखाली होत्या. उरलेल्या दहा ज्यांना दिल्या, त्यांपैकी एकाने तरी तो वाचला असेल का, हा विचार काकांना दाढी करताना, बस पकडताना, औषधाची गोळी गिळताना छळत असे. विचारायचं धाडस मात्र त्यांनी कधी केलं नाही. नाही असं उत्तर आलं असतं तर? त्यांची इच्छा एवढीच होती की त्या जाडजूड नियमग्रंथात आपलं एक वाक्य असावं. अख्खं कलम नको, एकच वाक्य.

"म्हणजे रविवारी ते खरंच येणार?" बायकोने विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाली तरी समोरच्याचं उत्तर चुकलंय हे तिच्या चेहऱ्यावर आधीच दिसत असे.

"येणार म्हणाले."

"मग येऊ द्या. चहा करू, बिस्किटं ठेवू. त्यात एवढं घाम पुसण्यासारखं काय आहे?"

"अगं, ते साधे पाहुणे नाहीत. पडद्यावर पाहिलंय मी, कुठल्याही खोलीत शिरले की आधी छताकडे बघतात, मग दारं मोजतात, मगच नमस्कार करतात."

"मग तुम्ही दुसरं काय करता? मला बघायला आला होतात तेव्हा आमच्या घराच्या खिडक्या मोजून गेलात. आई म्हणाली, मुलगा घर विकत घ्यायला आलाय की काय!"

काकांनी ते ऐकलं नाही. त्यांनी तपासणीचा कोरा फॉर्म काढला आणि स्वतःच्याच घरात अधिकारी म्हणून शिरले. पुढचा दीड तास त्यांच्या आयुष्यातला फार वाईट तास होता. चपलांचं कपाट सुटकेच्या मार्गात. खिडकीच्या जाळीला कुलूप, किल्ली बेपत्ता. एकाच प्लगमध्ये फ्रीज, मिक्सर आणि मोबाईल. धुराच्या अलार्ममध्ये बॅटरीच नाही, कारण काही तळलं की तो कोकलायचा, म्हणून ती तीन वर्षांपूर्वी काढून टाकली होती. (ती काढताना स्टूल कुणी धरलं आणि स्टुलावर कोण चढलं होतं, हे काकांनी फॉर्मवर लिहिलं नाही.) एकूण दोष तेवीस. खाली सही करून त्यांनी तो कागद बायकोच्या हातात दिला.

तिने चष्मा लावून शांतपणे वाचला. "त्रेचाळीस वर्षं मी या दोषांत नांदतेय," ती म्हणाली. "पण सगळ्यात मोठा दोष यादीत दिसत नाही."

"कोणता?"

"त्याने खाली सही केलीय."

शुक्रवारपर्यंत तेवीसच्या तेवीस दोष दूर झाले. चपला बाल्कनीत गेल्या, अलार्ममध्ये नवी बॅटरी बसली, जाळीच्या कुलपाची किल्ली सापडली आणि ती पुन्हा हरवू नये म्हणून काकांनी एका अत्यंत सुरक्षित ठिकाणी ठेवली. उरलं ते दार.

दारात तसा काही दोष नव्हता. ते आत उघडत होतं, प्रबंधात लिहिल्याबरहुकूम. पण काकांना रात्रंदिवस एकच शंका. पाहुणा इतक्या लांबून येणार, आणि आपण त्याच्या तोंडावर आपलं मत उघडायचं? हे असभ्य नाही का? शिवाय (हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही) साहेबांचंच बरोबर असलं तर? माणसं घाबरून बाहेर पळताना दार ढकलतात, ओढत नाहीत. प्रबंधात या मुद्द्याला उत्तर दिलंय असं त्यांना वाटत होतं, पण काय दिलंय ते आठवत नव्हतं. उघडून बघायची हिंमत नव्हती. उत्तर सापडलं नसतं तर?

शनिवारी सुतारमामा आले. या इमारतीची निम्मी दारं त्यांच्याच हातची होती.

"काका, हे दार मीच बसवलंय. सोळा वर्षं झाली. कुरकुरसुद्धा करत नाही."

"हो, पण आता ते बाहेर उघडायला हवं."

"कशासाठी?"

"पाहुणे येतायत."

मामांनी काकांकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. तिने हाताने 'चालू द्या' अशी खूण केली. त्यांनी चौकटीची पट्टी काढून आतल्या अंगाला ठोकली, बिजागऱ्या उलट्या केल्या आणि संध्याकाळी दार जिन्यासमोरच्या लँडिंगवर रुबाबात उघडू लागलं. काकांनी ते सात वेळा उघडून मिटून पाहिलं. पाहुण्याला आपल्याच घरी आल्यासारखं वाटेल, या कल्पनेने त्यांचे डोळे जरासे पाणावले.

"सोमवारी परत आत फिरवायचं ना?" हत्यारं आवरत मामांनी विचारलं.

"बैठकीत काय ठरतं ते बघू."

"काका, माझ्या धंद्यात असं चालत नाही हो," मामा म्हणाले आणि गेले.

रविवारी चारला पाच मिनिटं कमी असताना जिन्यात पावलं वाजली. खूप पावलं. धापा, "सांभाळून, सांभाळून", काहीतरी जड टेकल्याचा आवाज, मग उतरत जाणारी पावलं. आणि मग बेल.

काकांनी कोट नीट केला, कडी काढली आणि दार ढकललं. ते दोन बोटं उघडलं आणि थांबलं.

त्यांनी जोर लावला. दार हललं नाही.

"डॉक्टरसाहेब?" फटीतून आवाज आला. "आपण दार का ढकलताय?"

"साहेब! या, या. म्हणजे… जरा मागे सरता का?"

"मी मागेच आहे. समोर भेट आहे. आपल्यासाठी लोखंडी पेटी आणलीय. आगीत दोन तास तग धरते, आमच्या प्रयोगशाळेचा दाखला आहे. आपला प्रबंध तीत ठेवावा म्हणून. दोन हमालांनी वर आणली. मी मुद्दाम दाराला अगदी चिकटवून ठेवायला सांगितली. आपलं दार आत उघडतं ना! उघडलं की सरळ आत सरकवायची, असा विचार केला."

काकांना त्या फटीतून एक चष्म्याची काच, अर्धी मिशी आणि पेटीचा हिरवा कोपरा एवढंच दिसत होतं. सात वर्षांची ओळख पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटत होती ती अशी.

"साहेब," काका क्षीण आवाजात म्हणाले, "मी दार कालच फिरवून घेतलं. बाहेर उघडेल असं."

"का?"

"आपल्यासाठी."

मग फटीतून दोन बोटं आत आली. काकांनी ती दोन बोटांनी धरली. दोघांनीही खूप भावुक होऊन हस्तांदोलन केलं, जेवढं मावलं तेवढं.

"पेटी जरा मागे ओढता येईल?"

"मागे कठडा आहे. आणि माझं हर्नियाचं ऑपरेशन झालंय."

"हमाल?"

"त्यांना आपल्या नियमाप्रमाणे लगेच खाली पाठवलं. लँडिंगवर दोनपेक्षा जास्त माणसं नकोत. आपणच लिहिलंय."

"कुठे?" काकांनी नकळत विचारलं.

एवढ्यात बायको आली. "काय चाललंय? दोघं काय दाराआडून बोलताय, लग्न ठरलेल्या पोरांसारखं?" तिने फटीला डोळा लावला. "नमस्कार भाऊसाहेब. आत या असं म्हणणार होते."

"नमस्कार वहिनी. आपल्याकडे फार छान वास येतोय. काहीतरी भाजलेलं केलंय का?"

बायको वळली. "अगं बाई, दूध!"

दूध उतू जाऊन करपलं होतं. तिने धावत जाऊन गॅस बंद केला, पातेलं सिंकमध्ये टाकलं, पण तोपर्यंत धुराचा एक लोट निवांतपणे छताला जाऊन भिडला होता. आणि तीन वर्षं मुकाट बसलेला तो अलार्म नव्या बॅटरीच्या जोरावर असा काही कोकलू लागला, की गेल्या तीन वर्षांचंही एकदमच वाजवून घेतोय असं वाटावं.

"अलार्म!" काका ओरडले.

"अलार्म!" साहेब बाहेरून ओरडले.

"अहो, दूध होतं," बायको म्हणाली. "गॅस बंद केलाय."

पण हे दोघंही आता दूध ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. "अलार्म वाजला की कारण न विचारता सर्वांनी बाहेर पडायचं!" साहेबांनी आज्ञा केली.

"कसं पडायचं?"

"दुसरा मार्ग?"

"खिडकी आहे. जाळीला कुलूप आहे. किल्ली सुरक्षित ठिकाणी आहे."

"कुठे?"

काकांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. ते ठिकाण खरोखरच अत्यंत सुरक्षित होतं.

तेवढ्यात वरच्या काकू जिना उतरत आल्या, पेटीपाशी अडकल्या आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हे काय? जिन्यात कपाट? कलमकाका, ऐकताय ना आत? माझी एवढीशी कुंडी उचलायला लावलीत तुम्ही! काय ते, कलम किती?"

"अकरा," आतून काका.

"पोटकलम चार," बाहेरून साहेब.

काकू साहेबांकडे बघत राहिल्या. असा दुसराही माणूस जगात आहे, हे त्यांच्या कल्पनेत नव्हतं.

उद्या बैठक. आणि आज पलीकडच्या तज्ज्ञासमोर, स्वतःच्या घरात, स्वतःच फिरवलेल्या दारामागे ते कोंडले होते. आता वाक्य कसलं, ग्रंथात स्वल्पविरामही मिळणार नाही. त्यांनी दाराला पुन्हा खांदा लावला. खांद्यातून कट्ट आवाज आला, दारातून आला नाही.

"अहो, सरका," बायको म्हणाली. तिने फटीला तोंड लावलं. "भाऊसाहेब, बिजागऱ्या तुमच्या बाजूला आहेत ना?"

साहेबांनी वाकून पाहिलं. मग बायको आणि साहेब एकदम म्हणाले, "पान सत्तेचाळीस!"

"म्हणजे काय?" काकांनी विचारलं.

"अहो, तुमचंच आहे," बायको वैतागून म्हणाली. "दार बाहेर उघडणारं असेल तर बिजागऱ्यांच्या पिना बाहेर राहतात. कुणीही चोर त्या काढून दार उचलून नेईल. म्हणून दार आत उघडणारं असावं."

"आकृती नऊ," साहेब म्हणाले. ते खिशातला चाकू काढून कामाला लागले होते. काकूंनी चप्पल काढून हातोडा म्हणून दिली. "हे पान वाचून मी इतका चिडलो होतो, की समासात 'अतिशयोक्ती' असं तीन वेळा लिहिलं. एक मिनिटसुद्धा लागणार नाही असा दावा केलाय आपण. निव्वळ… ही पहिली निघाली. निव्वळ अतिशयोक्ती… ही दुसरी."

अठ्ठेचाळीस सेकंदांत तिन्ही पिना निघाल्या. बिजागरीची बाजू मोकळी झाली, दार तिरकं होऊन पेटीवर रेललं, आणि ज्या बाजूने जगात कुणी कुणाच्या घरी जात नाही त्या बाजूने पलीकडचे साहेब आडवे होऊन आत आले. त्यांनी आधी छताकडे पाहिलं. मग दारं मोजली. एक कमी भरलं. मगच नमस्कार केला.

"आपण वाचलाय," काका कसेबसे म्हणाले. "प्रबंध. आपण वाचलाय."

"सात वेळा. खोडून काढायला वाचावाच लागतो. पण दरवेळी शेवटच्या पानाच्या आधी संतापाने भिरकावून दिला."

बायकोने स्टुलावर चढून अलार्ममधली बॅटरी काढली. (स्टूल यावेळी दोन देशांनी मिळून धरलं होतं.) बिनदुधाचा चहा झाला. साहेब जाताना बिजागरीच्याच बाजूने गेले. सवय झाली म्हणाले.

सोमवारी बैठकीत अध्यक्षबाईंनी दाराचा विषय काढताच साहेब उठले. त्यांच्या हातात प्रबंधाची फाटकी प्रत होती. काकांनी मान खाली घातली. आता कालची हकिकत निघणार.

"काल हॉटेलवर परतल्यावर," साहेब म्हणाले, "मी या प्रबंधाचं शेवटचं पान पहिल्यांदा वाचलं. सात वर्षं मी समजत होतो, लेखक हटवादी आहे. एकशे अकरा पानं तो एकाच बाजूने भांडतो. पण शेवटच्या ओळीत त्याचं मोठेपण आहे. वाचतो : 'तरीही दार कुठल्या बाजूला उघडावं, हे शेवटी त्या दारातून रोज ये-जा करणाऱ्यांनाच विचारावं.' माझी सूचना आहे की हेच वाक्य, जसंच्या तसं, आपण कलम म्हणून घ्यावं."

टाळ्या वाजल्या. सात वर्षांत पहिल्यांदा दोन्ही देशांचे हात एकाच वेळी वर गेले. वाक्य एकमताने मंजूर झालं.

काकांना ते वाक्य लिहिल्याचं अजिबात आठवत नव्हतं. पण पान सत्तेचाळीस तरी कुठे आठवत होतं? वय झालं, असं मनाशी म्हणत त्यांनी विनयाने मान तुकवली आणि घरचा रस्ता धरला. रस्त्यात त्यांनी ते वाक्य अकरा वेळा म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा चांगलं वाटलं. आपल्यात हे होतं तर!

घरी सुतारमामा चौकटीशी बसून तिसरी बिजागरी आवळत होते. पेटी कुणीतरी आत सरकवली होती आणि तिच्यावर चपला मांडल्या होत्या.

"आत फिरवताय?" काका दारातच थबकले. "कुणी सांगितलं?"

"मी," बायको आतून आली. "काय ठरलं तुमचं?"

काकांनी खाकरून घसा साफ केला. उंबऱ्यात उभं राहून, एक हात किंचित वर करून त्यांनी ते वाक्य म्हटलं. शेवटच्या शब्दावर थोडं थांबलेही. "दोन देशांच्या कायद्यात जाणार. जसंच्या तसं. माझं वाक्य."

बायकोने चष्मा वर सरकवला. "पान एकशे बारा? शेवटची ओळ?"

"हो. तुलाही आठवतं?"

"आठवायला काय झालं? टाईप मीच केलं होतं ना! शेवटच्या पानावर तुम्ही लिहिलं होतं, 'यावरून असे सिद्ध होते की', आणि पुढे कोरं. विचारलं तर म्हणालात, विचार करून सांगतो. नऊ दिवस केलात विचार. छापखान्याचा माणूस इथे या खुर्चीत बसलेला. मग मी ते अर्धं वाक्य खोडलं आणि माझं एक टाकून दिलं पाठवून."

काकांचा वर केलेला हात खाली आला. "मग… मला कसं कळलं नाही?"

"कसं कळणार? त्यासाठी पुस्तक वाचावं लागतं."

काका उंबऱ्यातच उभे राहिले. एक पाय आत, एक बाहेर. वीस वर्षं ते त्या एका माणसाला शोधत होते, ज्याने आपला प्रबंध पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलाय. तो घरातच सापडला होता, पण तो लेखक नव्हता.

मामांनी शेवटचा स्क्रू आवळला, हात झटकले आणि दाराची कडा धरली.

"काका, जरा बाजूला व्हा," ते म्हणाले. "दार लावून बघायचंय. तुम्ही मध्ये येताय."